इंटिरियरच्या कामासाठी थ्रीडी मॉडेलिंग आणि रेंडरिंग सॉफ्टवेअर कसं निवडायचं: टप्प्याटप्प्याने

सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कुणाचं तरी चकचकीत रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून काढलेलं खऱ्यासारखं चित्र) आवडतं, मग ते कशात केलंय याची चौकशी होते, आणि तेच सॉफ्टवेअर घेतलं जातं. दोन-तीन महिन्यांनी लक्षात येतं की आपल्या लॅपटॉपला ते झेपत नाही, सुताराला द्यायचं ड्रॉइंग त्यातून निघत नाही आणि क्लायंटने वॉर्डरोब थोडा वाढवायला सांगितला की अर्धा दिवस हातचा जातो.

देखणं चित्र आज जवळपास प्रत्येक रेंडररमधून, म्हणजे रेंडर काढणाऱ्या प्रोग्राममधून, काढता येतं. फरक पडतो तो दुरुस्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, कारण या कामातला खरा वेळ तिथेच जातो. खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत. क्रम मोडू नका, आणि आठवा टप्पा पूर्ण होईपर्यंत पैसे भरू नका.

## टप्पा १: कोणाच्या हातात काय द्यायचंय ते लिहून काढा

एक कोरा कागद घ्या. मागच्या चार-पाच कामांत तुमच्याकडून कोणकोणत्या फाइली बाहेर गेल्या ते आठवून लिहा. नव्याने सुरुवात करत असाल तर ज्या प्रकारची कामं घ्यायची आहेत त्यांचा विचार करा. साधारण यादी अशी निघते:

- क्लायंटला: स्थिर चित्रं, कधी ३६० अंशांचा पॅनोरमा, कधी वॉक-थ्रू व्हिडिओ
- सुताराला: मोजमापांसकट एलिव्हेशन, सेक्शन, जोडांचे तपशील
- इलेक्ट्रिशियनला आणि फॉल्स सिलिंगवाल्याला: पॉइंटचा ले-आउट, सिलिंगचा प्लॅन
- मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्याला: कटिंग लिस्ट, एज बँडिंगसह (फळीच्या कडेला लावायची पट्टी)
- आर्किटेक्टला: डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची) किंवा आयएफसी (इमारतीच्या थ्रीडी मॉडेलची) फाइल

प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी टाका: ही गोष्ट एका कामात किती वेळा द्यावी लागते, आणि एकदा दिल्यावर किती वेळा बदलते. वॉक-थ्रू वर्षातून दोनदा लागत असेल आणि एलिव्हेशन प्रत्येक कामात चार वेळा बदलत असतील, तर निवड एलिव्हेशनवर व्हायला हवी. वॉक-थ्रू बाहेरून करून घेता येतो.

तपासा: यादीत "सुंदर रेंडर" असं मोघम काही उरलंय का? त्याजागी आकार लिहा. स्क्रीनवर दाखवायचं असेल तर १९२० × १०८० पिक्सेल पुरतात. ए३ कागदावर ३०० डीपीआयने छापायचं असेल तर ४९६१ × ३५०८ लागतात. दुसऱ्या चित्रात पिक्सेल पहिल्याच्या सुमारे ८.४ पट आहेत, आणि हा आकडा पुढे वेळेच्या हिशोबात पुन्हा लागेल.

## टप्पा २: मशीन काय झेपवेल ते बघा

सॉफ्टवेअरच्या पानावर लिहिलेली "किमान गरज" म्हणजे प्रोग्राम उघडण्यापुरती सोय. रोजच्या कामासाठी तिच्यावर विसंबू नका.

सगळ्यात आधी ऑपरेटिंग सिस्टिम. थ्रीडीएस मॅक्स, रेव्हिट आणि ल्युमियन मॅकवर थेट चालत नाहीत. स्केचअप, आर्किकॅड, रायनो, ब्लेंडर आणि ट्विनमोशन दोन्हीकडे चालतात. ब्लेंडर लिनक्सवरही चालतं. एनस्केपची मॅक आवृत्ती आहे, पण विंडोजवर मिळणारी प्रत्येक सोय तिच्यात असेलच असं धरून चालू नका. मॅक वापरणाऱ्यांची निम्मी यादी इथेच गळते.

मग कामाचा भार कोणत्या भागावर पडतो ते समजून घ्या. मॉडेलिंग करताना बहुतेक प्रोग्राम प्रोसेसरचा एकच कोअर दामटतात, म्हणून सोळा कोअर असले तरी स्केचअपमधलं भलंमोठं मॉडेल अडखळतं. तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. कोरोना रेंडरर प्रोसेसरवर चालतो आणि जितके कोअर द्याल तितके वापरतो. एनस्केप, ल्युमियन, डी५ आणि ट्विनमोशन मात्र ग्राफिक्स कार्डावर जगतात. ब्लेंडरमधलं सायकल्स दोन्हींवर चालतं, पण चांगल्या कार्डावर बरंच लवकर उरकतं.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत लोक मॉडेल नंबर बघतात आणि व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बघायचं विसरतात. इंटिरियरच्या सीनमध्ये पहिली भरते ती व्हीरॅम. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं एक टेक्श्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) कॉम्प्रेस न करता सुमारे ६४ एमबी जागा घेतं. एका व्हीनियरला रंग, रफनेस (खरखरीतपणा) आणि नॉर्मल (बारीक उंचसखलपणा) असे तीन मॅप, म्हणजे तीन टेक्श्चर, लावले की १९२ एमबी झाले. अशी वीस मटेरियलं म्हणजे ३.७ जीबीच्या पुढे, आणि अजून सोफा, झाडं, पडदे यायचेत. टेक्श्चर ८के घेतलं तर हाच आकडा चौपट. ८ जीबीचं कार्ड एका खोलीला पुरतं. संपूर्ण घर एकाच सीनमध्ये ठेवायचं तर १२ किंवा १६ जीबी असलेलं बरं. साधी रॅम ३२ जीबी धरा.

सावधान: लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात आणि प्रोग्राम कधीकधी कमजोर चिपवर उघडतो. चाचणीआधी विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रोग्रामसाठी जास्त क्षमतेची चिप हाताने निवडा आणि चार्जर लावून ठेवा. "सॉफ्टवेअर फार हळू आहे" या तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

आणखी एक. त्याच नावाचं कार्ड डेस्कटॉपवर आणि लॅपटॉपवर सारखं काम करत नाही. लॅपटॉपमधल्या कार्डाला वीज कमी मिळते. डेस्कटॉपवर घेतलेल्या चाचणीचे आकडे लॅपटॉपला लावू नका.

## टप्पा ३: मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर आधी ठरवा, रेंडरर नंतर

हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिघडतं. रेंडरर बदलणं तुलनेने सोपं असतं. मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर बदलायचं म्हणजे लायब्ररी, टेम्प्लेट आणि हाताची सवय असं सगळंच बदलायचं.

निवड साधारण चार जातींत होते.

पृष्ठभाग ओढून-ताणून मॉडेल करणारी. स्केचअप हे यातलं घराघरांत पोहोचलेलं नाव. शिकायला सोपं, फर्निचरच्या तयार मॉडेलांचा साठा मोठा. प्रो आवृत्तीसोबत येणाऱ्या ले-आउट नावाच्या प्रोग्राममधून मोजमापांची शीट काढता येतात. मर्यादा गोलाईत आहे: वर्तुळ सुरुवातीला २४ बाजूंचं असतं, त्यामुळे गोल टेबलाची कड जवळून पाहिली की कोनाकोनांची दिसते. बाजू काढतानाच वाढवायच्या. वर्तुळावरून आकार उचलून झाला की नंतर सहज वाढवता येत नाहीत. फुकट मिळणारी वेब आवृत्ती व्यावसायिक कामासाठी नाही आणि तिच्यात डीडब्ल्यूजी आणता येत नाही, हे बऱ्याच जणांना काम हाती आल्यावर कळतं.

बिम जातीची, म्हणजे इमारतीचा प्रत्येक भाग माहितीसह ओळखणारी. रेव्हिट आणि आर्किकॅड. इथे भिंत ही भिंत म्हणूनच ओळखली जाते, खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि तक्ता चारही ठिकाणी बदल उमटतो. ड्रॉइंग हा तुमच्या कामाचा मोठा भाग असेल किंवा आर्किटेक्टसोबत एकाच मॉडेलवर काम करायचं असेल, तर यांना पर्याय नाही. पण एखादं वेगळ्या धाटणीचं साइड टेबल बनवायला रेव्हिटमध्ये फॅमिली (त्या वस्तूचा साचा) तयार करत बसावं लागतं, आणि तिथे नवखे लोक वैतागतात.

मुक्त आकारांची. थ्रीडीएस मॅक्स, ब्लेंडर, रायनो. उशीच्या सुरकुत्या, बटण दाबलेला हेडबोर्ड, पडद्याच्या चुण्या यासाठी मॅक्स आणि ब्लेंडर. वळणदार पण मापात असलेल्या वस्तूंसाठी रायनो, कारण त्याच्यात वक्ररेषा खऱ्या वक्ररेषा असतात, तुकडे जोडलेल्या नसतात. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे आणि व्यावसायिक वापरावर बंधन नाही. मात्र मोजमापांची वर्किंग ड्रॉइंग काढणं हे त्याचं मूळ काम नव्हे, आणि डीडब्ल्यूजी ते थेट उघडत नाही.

कॅबिनेट आणि खोली मांडणीचे तयार प्रोग्राम. माप टाकलं की किचन उभं राहतं, कटिंग लिस्टही निघते. मॉड्युलरचंच काम असेल तर वेळ खूप वाचतो. त्यांच्या कॅटलॉगबाहेरची एखादी वस्तू करायला घेतली की मर्यादा कळतात.

तपासा: पहिल्या टप्प्यातल्या यादीतली जी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा बदलते, ती या सॉफ्टवेअरमधून दुसरा प्रोग्राम न उघडता निघते का? नसेल निघत तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: रेंडररचे दोन गट

एका गटात तत्काळ दाखवणारे: एनस्केप, ल्युमियन, डी५, ट्विनमोशन, ब्लेंडरमधलं ईव्ही. दुसऱ्यात प्रकाशकिरणांचा सावकाश हिशोब करणारे: व्ही-रे, कोरोना, सायकल्स, आर्नोल्ड. मधली रेघ आता बरीच पुसट झाली आहे, कारण पहिल्या गटातल्या बहुतेकांनी रे ट्रेसिंग (किरणांचा माग काढणारी पद्धत) आणलं आहे. तरी इंटिरियरमध्ये फरक दिसतोच, आणि तो ठरावीक जागी दिसतो.

कोव्ह लाइट हा त्यातला पहिला. लपवलेल्या पट्टीचा प्रकाश सिलिंगवर आपटून खाली येतो, म्हणजे खोलीत पोहोचणारा सगळाच उजेड परावर्तित. तत्काळ रेंडररमध्ये इथे डाग पडतात किंवा कोपरे नको तितके काळे होतात. दुसरा आरसा: काही पद्धतींमध्ये कॅमेऱ्याच्या चौकटीत जे दिसतंय तेवढंच आरशात उमटतं आणि कॅमेऱ्यामागची भिंत गायब होते. तिसरा झिरझिरीत पडदा, ज्यातून उजेड गाळून आला पाहिजे. चौथा पॉलिश केलेला दगड, ज्यात समोरचं प्रतिबिंब लांब गेल्यावर धूसर व्हायला हवं.

तुमच्या कामात हे चारही प्रकार रोज येत असतील आणि क्लायंट छापील चित्र मागत असेल, तर दुसरा गट बघा. मीटिंगमध्ये क्लायंटसमोर बसून "हे लॅमिनेट नको, ते लावा" असं चालत असेल, तर पहिला. दोन्ही लागत असेल तर मॉडेल तेच ठेवून मटेरियलं दोघांत वाटून घेणारी जोडी शोधा. काही कंपन्या आपल्याच दोन उत्पादनांमध्ये ही सोय देतात.

चित्रातून चित्र बनवणारी एआय साधनं या यादीत मुद्दामच घेतलेली नाहीत. कल्पना दाखवायला ती ठीक आहेत. पण ती खिडकीचा आकार बदलतात, शटरची संख्या बदलतात, आणि क्लायंट त्या चित्रावर सही करून बसतो.

सावधान: रेंडररसोबत येणारी फर्निचरची लायब्ररी बघून भुलू नका. तिच्यातली मॉडेलं बऱ्याचदा त्या प्रोग्रामबाहेर नेता येत नाहीत. वर्गणी थांबली की जुन्या सीनमधला सोफाही हातून जातो.

## टप्पा ५: लायसन्स आणि फाइलींची देवाणघेवाण

लायसन्समध्ये तीन प्रश्न विचारा. व्यावसायिक वापराला परवानगी आहे का? विद्यार्थी आवृत्तीत केलेलं पैशाचं काम हा करारभंग आहे, "अजून शिकतोय" हे कारण चालत नाही. लायसन्स व्यक्तीच्या नावावर आहे, मशीनवर आहे की ऑफिसमध्ये फिरवता येतं? आणि वर्गणी संपल्यावर जुनी फाइल उघडता येईल का, निदान बघता तरी?

तिसरा प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित. दीड वर्षाने क्लायंट मुलाची खोली बदलायला परत येतो, तेव्हा तो महत्त्वाचा ठरतो. वर्षभर काम मधूनमधूनच असेल तर महिन्याच्या वर्गणीची सोय बघा किंवा रायनोसारखं कायमचं लायसन्स मिळणारं काही घ्या.

आवृत्त्यांचाही गोंधळ असतो. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केली की जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. स्केचअपमध्ये जुन्या आवृत्तीसाठी सेव्ह करता येतं. सोबत काम करणाऱ्यांकडे कोणती आवृत्ती आहे हे विचारल्याशिवाय अपडेटचं बटण दाबू नका.

फाइल फॉरमॅटचं थोडक्यात: डीडब्ल्यूजी प्लॅनसाठी, आयएफसी बिमसाठी, एफबीएक्स किंवा जीएलटीएफ मटेरियलसह मॉडेल हलवण्यासाठी. ओबीजे सगळीकडे उघडतं, पण त्याच्यात एककाची नोंद नसते. एसटीएलमध्ये मटेरियलच नसतं.

आणि एककाची चूक सगळ्यात महाग. मिलिमीटरमधला प्लॅन इंच समजून उघडला की खोली २५.४ पट मोठी होते. पडद्यावर ती तशीच दिसते, कारण सगळंच एका प्रमाणात वाढलेलं असतं. पण प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे खऱ्या क्षमतेचा दिवा सुमारे ६४५ पट मंद पडतो. मग लोक दिव्याची तीव्रता वाढवत बसतात आणि सॉफ्टवेअरला नावं ठेवतात.

तपासा: कोणतीही फाइल आयात केली की पहिलं काम, दरवाजाची रुंदी मोजा. ९०० मिमी हवी तिथे ९०० यायला हवेत. दुसरं काम, मॉडेल मूळबिंदूजवळ (०, ०, ०) आहे का बघा. आर्किटेक्टच्या फाइलीत प्लॅन कधीकधी सर्वेक्षणाच्या निर्देशांकांवर, मूळबिंदूपासून किलोमीटरभर लांब असतो. तिथे आकड्यांची अचूकता घटते, कडा थरथरतात आणि पृष्ठभाग अर्धवट कापलेले दिसतात. उचलून मूळबिंदूवर आणा, मग काम सुरू करा.

## टप्पा ६: चाचणीची खोली

इथपर्यंत यादी दोन किंवा तीन जोड्यांवर आली पाहिजे. आता प्रत्येक जोडीत एकच खोली बनवायची. कंपनीने दिलेला नमुना सीन अजिबात वापरू नका. तो त्या सॉफ्टवेअरला सोयीचा असाच बनवलेला असतो.

इन्स्टॉल करण्याआधी तयारी पूर्ण करा, कारण ट्रायलचे दिवस लगेच मोजायला लागतात आणि त्यातला अर्धा काळ टेक्श्चर शोधण्यात जातो. लागतील त्या गोष्टी: खोलीचा डीडब्ल्यूजी प्लॅन, सात-आठ टेक्श्चर (पॉली हेवन आणि अँबियंटसीजीवर मुक्त परवान्याची मिळतात), एक सोफ्याचं जड मॉडेल, आणि दिव्याच्या उत्पादकाकडून मिळालेली एक आयईएस फाइल (दिव्याचा उजेड कसा पसरतो याची नोंद).

खोली अशी ठेवा:

१. आतली मापं ४२०० × ३३०० मिमी, उंची २८५० मिमी. एका भिंतीत १५०० × १२०० ची खिडकी, सिल ९०० वर, काचेसह.
२. फॉल्स सिलिंग १५० मिमी खाली, चारही बाजूंनी १०० मिमीचा कोव्ह, आत ३००० केल्विनची पट्टी.
३. वॉर्डरोब २१०० × ६०० × २४०० मिमी, तीन शटर, मधल्यावर आरसा, बाकी दोनवर उभ्या रेषांचं व्हीनियर.
४. एका भिंतीवर १२०० मिमी रुंदीचा फ्लुटेड (उभ्या खाचांचा) पॅनल, ३० मिमीच्या चाळीस पट्ट्या.
५. खाली ६०० × ६०० च्या फरश्या, ३ मिमी ग्राउट, निम्मी चकाकी.
६. झिरझिरीत पडदा, सोफा, आणि आयईएस लावलेले चार स्पॉटलाइट.

बांधताना घड्याळ लावा, पण पहिल्या दिवसाच्या वेळेवरून निकाल देऊ नका. नवं सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी हळूच वाटतं. तीच खोली दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलीत पुन्हा बांधा आणि तो वेळ लिहा.

मग या गोष्टी जवळ जाऊन बघा.

*फरश्या मोजा.* ४२०० मिमीच्या भिंतीलगत साधारण सात फरश्या बसायला हव्यात. पाच किंवा नऊ दिसत असतील तर टेक्श्चर खऱ्या मापाने लागलेलं नाही. काही प्रोग्राम टेक्श्चरची रुंदी मिलिमीटरमध्ये विचारतात, काही फक्त पटीत. तुमच्यासाठी पहिला प्रकार हवा.

*व्हीनियरची रेघ.* शटरवर उभी, ड्रॉवरवर आडवी. एका फळीचं मटेरियल ९० अंशांत फिरवायला किती क्लिक लागतात? दोनपेक्षा जास्त लागत असतील तर पुढच्या प्रत्येक किचनमध्ये तुम्ही ते शंभरदा करणार आहात.

*फ्लुटेड पॅनल.* एका पट्टीची खोली बदलली की चाळीसही बदलतात का? स्केचअपमध्ये कंपोनंट केल्यास बदलतात, नुसते ग्रुप केल्यास नाही. ब्लेंडरमध्ये ॲरे मॉडिफायरने होतं.

*पांढरी भिंत.* रंग २५५, २५५, २५५ ठेवू नका. शंभर टक्के परावर्तन करणारा रंग प्रत्यक्षात नसतो. तो लावला की प्रकाश उसळतच राहतो, सावल्या मरतात आणि खोली पिठासारखी दिसते. २३०च्या आसपास ठेवा, म्हणजे परावर्तन ७९ टक्क्यांवर येतं. दोन सॉफ्टवेअरांची तुलना करताना दोन्हीकडे हाच आकडा ठेवा.

*कॅमेरा.* उभ्या रेषा उभ्या राहायला हव्यात. दोन बिंदूंचा पर्स्पेक्टिव्ह किंवा लेन्स शिफ्ट आहे का बघा, आणि कॅमेरा १२०० ते १४०० मिमी उंचीवर ठेवा. खोली मोठी दाखवण्यासाठी लेन्स २० मिमीच्या खाली नेली की कडेचा सोफा ताणला जातो आणि क्लायंट प्रत्यक्ष साइटवर आल्यावर भांडतो.

*डीनॉइझर.* चित्रातले दाणे पुसणारी सोय. बंद करून एकदा, चालू करून एकदा रेंडर काढा. सोफ्याच्या कापडाची वीण चालू केल्यावर पुसली जात असेल तर नमुन्यांची संख्या (दर पिक्सेलमागे तपासल्या जाणाऱ्या किरणांची) वाढवावी लागेल, म्हणजे वेळही वाढेल.

सावधान: चित्र फिकट किंवा भडक आल्यावर लगेच दिव्यांना हात लावू नका. आधी मॅपचा रंगप्रकार तपासा. रफनेस आणि नॉर्मल मॅप हा रंग नसून आकडे असतात. ते रंग म्हणून वाचले गेले की पृष्ठभाग प्लॅस्टिकसारखा चमकतो. काही प्रोग्राम हे आपोआप ओळखतात, ब्लेंडरमध्ये बऱ्याचदा हाताने "नॉन-कलर" निवडावं लागतं.

## टप्पा ७: दुरुस्तीची फेरी, म्हणजे खरी परीक्षा

खोली झाली, चित्र आलं, सगळे खूश. नेमकं इथेच लोक थांबतात आणि पैसे भरतात. थांबू नका. त्याच फाइलीत पुढचे पाच बदल करा आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा लिहा:

१. खिडकी ३०० मिमी उजवीकडे.
२. वॉर्डरोब २१०० वरून २४०० मिमी, तीनऐवजी चार शटर.
३. सगळ्या शटरचं व्हीनियर काढून लॅमिनेट.
४. फॉल्स सिलिंग आणखी ५० मिमी खाली, कोव्हची पट्टी तिच्यासोबत यायला हवी.
५. सोफा बदला, जागा तीच.

त्यानंतर रेंडर पुन्हा काढा आणि वॉर्डरोबचं एलिव्हेशनही पुन्हा काढा.

काय बिघडतं ते ठरलेलं आहे. मॉडेल एका प्रोग्राममध्ये आणि रेंडर दुसऱ्यात असेल, तर पुन्हा आयात केल्यावर लावलेली मटेरियलं उडतात. कारण साधं आहे: बहुतेक दुवे मटेरियलच्या नावावरून जोडलेले असतात. नाव बदललं किंवा नवा भाग बिननावाचा राहिला की रेंडररला तो ओळखता येत नाही. "एम०१_व्हीनियर_उभं" अशी ठरावीक नावं पहिल्या दिवसापासून ठेवलीत तर हा त्रास बराच कमी होतो. तरीही मटेरियलं उडत असतील तर दोष त्या जोडीचा, आणि ती यादीतून काढा.

ड्रॉइंगच्या बाजूला वेगळीच गडबड होते. शटर ताणून वाढवलं तर मोजमाप सोबत वाढतं. जुनं पुसून नवं काढलं तर ले-आउटमधलं मोजमाप लोंबकळत राहतं. सुताराकडे गेलेल्या कागदावर २१०० आणि चित्रात २४०० ही चूक इथूनच जन्मते.

तपासा: पाच बदलांचा एकूण वेळ पहिल्यांदा खोली बांधायला लागलेल्या वेळेच्या पाव भागापेक्षा जास्त आहे का? असेल, तर त्या जोडीत तीन फेऱ्यांचं काम करणं अवघड जाईल. चित्र दुसऱ्या जोडीपेक्षा थोडं फिकं आलं तरी चालेल, पण हा आकडा कमी असलेली जोडी घ्या.

## टप्पा ८: रेंडरच्या वेळेचं गणित

चाचणीचं चित्र १९२० × १०८० ला काढा आणि वेळ लिहा. नमुन्यांची संख्या तीच ठेवली तर वेळ साधारण पिक्सेलच्या प्रमाणात वाढतो. दहा मिनिटं लागली असतील तर ३८४० × २१६० ला चाळीस, ए३ ला ३०० डीपीआयने सुमारे ८४, आणि ८१९२ × ४०९६ च्या पॅनोरमाला १६० मिनिटांच्या पुढे. सहा खोल्या, प्रत्येकीचे दोन कोन, ए३: जवळपास १७ तास. रात्री लावून ठेवलं तरी दोन रात्री.

भिंतीवर लावायच्या चित्राला ३०० डीपीआय लागतातच असं नाही. १५० वर पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर येतात आणि हातभर अंतरावरून फरक फारसा कळत नाही.

व्हिडिओचं गणित आणखी कडक. ३० सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तरी ५० तास. व्हिडिओ नियमित द्यायचा असेल तर सावकाश गटातला रेंडरर घरच्या एका मशीनवर परवडत नाही. तत्काळ गट घ्या किंवा रेंडर फार्मचा खर्च कोटेशनमध्ये धरा.

सावधान: मोठ्या आकाराचं एक तरी चित्र ट्रायल असतानाच पूर्ण काढून बघा. छोट्या आकाराला व्यवस्थित चालणारा सीन मोठ्या आकाराला व्हीरॅम संपल्यामुळे कोसळतो, आणि ते कळतं नेमकं द्यायच्या आदल्या रात्री. काही ट्रायल आवृत्त्या आकारावर मर्यादा घालतात किंवा चित्रावर छाप मारतात. तसं असेल तर किमान त्या मर्यादेपर्यंत जाऊन व्हीरॅमचा वापर टास्क मॅनेजरमध्ये बघून ठेवा.

## टप्पा ९: घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस

चालू काम नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवू नका. ज्यात सुरू केलं त्यात संपवा. नवं सॉफ्टवेअर पुढच्या कामात, तेही छोट्या, एका खोलीच्या कामात वापरा.

त्याआधी कोरी टेम्प्लेट फाइल बनवा: एकक मिलिमीटर, ठरावीक नावांची मटेरियलं, भिंती, सिलिंग, फर्निचर आणि दिव्यांसाठी वेगळे टॅग किंवा लेयर, दोन कॅमेरे, २७००, ३००० आणि ४००० केल्विनचे तयार दिवे, तुमच्या शीर्षक पट्टीचं शीट. चाचणीची खोली फेकू नका. नवी आवृत्ती आली, ड्रायव्हर बदलला किंवा नवं कार्ड घेतलं की तीच फाइल उघडून तेच चित्र काढा आणि जुन्याशी ताडून बघा.

बाहेरून आणलेलं प्रत्येक मॉडेल आधी वेगळ्या फाइलीत उघडा. एका खुर्चीतले शिवणीचे टाकेही कुणीतरी खरे बनवलेले असतात आणि तिचे लाखो पृष्ठभाग तुमची सगळी फाइल जड करतात. हलकं करा, माप तपासा, मटेरियलची नावं आपल्या पद्धतीने बदला, मगच लायब्ररीत टाका. अशी जड वस्तू लागणारच असेल तर प्रॉक्सी (हलकी प्रतिनिधी वस्तू, खरी फक्त रेंडरच्या वेळी येते) करून ठेवा.

स्केचअपमध्ये पांढरी बाजू पुढची आणि निळसर बाजू मागची असते. मागची बाजू कॅमेऱ्याकडे आलेले पृष्ठभाग काही रेंडररमध्ये काळे पडतात किंवा दिसतच नाहीत, म्हणून मॉडेल पुढे देण्याआधी मोनोक्रोम दृश्यात एक फेरी मारा. ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशन चालू केलं की मागची बाजू लाल रंगात दिसते. लाल दिसलेलं उलटवा.